एका डोळ्यामागे दुखतंय म्हणजे पित्तच असं नाही हो

अर्धं डोकं दुखतंय म्हटलं की पित्त, सायनस नाहीतर अर्धशिशी, आणि उपाय काय तर सूर्योदयाआधी जिलबी खा. माझीही वर्षं गेली यात. पण क्लस्टर हेडेक, म्हणजे एका डोळ्यामागे अटॅकसारखी येणारी भयंकर डोकेदुखी, हा वेगळाच आजार आहे. मायग्रेनवाला अंधारात गप पडून राहतो, इथे माणूस येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी वाहतं, नाक चोंदतं (म्हणून सायनस वाटतं!) आणि अटॅक १५ मिनिटं ते ३ तास, दिवसातून ८ वेळासुद्धा, बऱ्याचदा रात्री ठरल्या वेळी, कारण शरीराचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस यात गुंतलेला असतो.

पॅरासिटामॉलचा उपयोग शून्य. चालतं ते ऑक्सिजन, मास्कने मिनिटाला १२ ते १५ लिटर, १५-२० मिनिटं. २००९ च्या एका चाचणीत ७८ टक्के अटॅक १५ मिनिटांत थांबले किंवा पुरेसे कमी झाले, साध्या हवेने फक्त २०. नाहीतर सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, पण हृदयविकार असेल तर नको. अटॅक येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल नावाचं औषध, त्याला मधूनमधून ईसीजी लागतो, मनाने सुरू करू नका. आणि अटॅक येत राहतात त्या काळात दारू बंद, एका पेगनेही अटॅक येऊ शकतो.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना अटॅकच्या वेळा लिहून न्या.