डीबीएक्स ०.० वेगळा, ट्रिगर बिट ० वेगळा

पंपाचा ओव्हरलोड रिले ट्रिप होतो आणि स्क्रीनवर अलार्म येतो 'गार्डचा दरवाजा उघडा'. ऑपरेटर दरवाजा पुन्हा पुन्हा लावून बघतो, मेंटेनन्सवाला लिमिट स्विच खोलतो, कोणी टर्मिनल आवळतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतो, पॅनेलच गेलंय, नवीन मागवा. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) सीमेन्सचा असेल आणि स्क्रीन सीमेन्सचंच बेसिक किंवा कम्फर्ट पॅनेल असेल, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा: प्रोग्राम लिहिणाऱ्याने डीबीएक्स ०.० (पीएलसीच्या डेटा ब्लॉकमधला बाइट ०, बिट ०) आणि ट्रिगर बिट ० (पॅनेलच्या अलार्म यादीत संदेश ज्या बिटाला जोडतात त्याचा क्रमांक) हे एकच धरले आहेत का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की एकदा सविस्तर लिहिणं भाग आहे.

मित्सुबिशी किंवा डेल्टाच्या पीएलसीवर हात बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. तिथे के४एम० (एम० पासूनचे सोळा बिट) डी१०० या रजिस्टरमध्ये हलवलं की एम० हा डी१०० चा बिट ०, एम८ हा बिट ८, एम१५ हा बिट १५. जे नाव तोच क्रमांक. ती सवय घेऊन माणूस सीमेन्सकडे येतो, सोळा बूल (एकेका बिटाच्या हो-नाही किमती) एकाखाली एक लिहितो, पहिल्याला पहिला संदेश जोडतो आणि तिथेच फसतो.

आधी किरकोळ गोष्टी संपवू. डिस्क्रीट अलार्म बिटावर चालतो, ॲनालॉग अलार्म मर्यादेवर. यात गोंधळण्यासारखं काही नाही. बेसिक आणि कम्फर्ट पॅनेलमध्ये डिस्क्रीट अलार्मचा ट्रिगर टॅग (पीएलसीतल्या किमतीला पॅनेलमध्ये दिलेलं नाव) बूल चालत नाही, वर्ड किंवा इंट (दोन्ही सोळा बिटांचे) लागतो. अलार्मच्या यादीतला आयडी १ पासून सुरू होतो, ट्रिगर बिट ० पासून, आणि या दोन आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. आयडी पाहून बिट ठरवायची सवय सोडून द्या.

आता मुख्य मुद्दा. सीमेन्सच्या पीएलसीत मेमरीचा पत्ता बाइटने (आठ बिटांच्या गटाने) मोजतात. डीबीडब्ल्यू ० हा वर्ड दोन बाइटांचा: बाइट ० आणि बाइट १. यातला वरच्या किमतीचा बाइट कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. सीमेन्समध्ये तो बाइट ०. पंचवीस लिहिताना आपण दशकाचा २ आधी लिहितो आणि एककाचा ५ नंतर, तसाच वर्डचा मोठ्या किमतीचा भाग आधीच्या बाइटमध्ये बसतो आणि एककाकडचा भाग नंतरच्या. पॅनेलला मात्र बाइट दिसत नाहीत, त्याला अख्खा वर्ड दिसतो. त्याच्या लेखी ट्रिगर बिट ० म्हणजे त्या वर्डमधला सर्वांत कमी किमतीचा बिट, आणि तो राहतो बाइट १ मध्ये.

म्हणून ट्रिगर बिट ० चा पत्ता डीबीएक्स १.०. ट्रिगर बिट ७ चा डीबीएक्स १.७. ट्रिगर बिट ८ वर आलात की पत्ता मागे जाऊन डीबीएक्स ०.० होतो आणि १५ ला डीबीएक्स ०.७. ट्रिगर टॅग वर्डचा ॲरे (ओळीने ठेवलेले अनेक वर्ड) असेल तर बिट १६ चा पत्ता डीबीएक्स ३.०. एम मेमरीतही हाच नियम आहे: एमडब्ल्यू १० घेतला तर ट्रिगर बिट ० म्हणजे एम ११.०, आणि एम १०.० म्हणजे ट्रिगर बिट ८.

यातला एक बारकावा नीट लक्षात घ्या, कारण अर्धवट समजलेले लोक इथे दुसरी चूक करतात. वर्ड आरशासारखा उलटत नाही. ० च्या जागी १५, १ च्या जागी १४ असं काही घडत नाही. बाइटच्या आतला क्रम जसाच्या तसा राहतो, फक्त दोन बाइटांच्या जागा बदलतात. त्यामुळे चुकलेला संदेश नेहमी बरोबर आठ घरं दूर सापडतो. पहिला बिघाड नववा संदेश दाखवतो, नववा पहिला. वरच्या उदाहरणातला पंपाचा बिट डीबीएक्स ०.० असेल, तर 'गार्डचा दरवाजा' हा संदेश ट्रिगर बिट ८ ला जोडलेला असणार. आठचा फरक दिसला की वायरिंगला हात लावू नका.

खात्री करायची असेल तर वॉच टेबल (पीएलसीतल्या किमती थेट पाहण्याचा आणि बदलण्याचा तक्ता) उघडा. मशीन सुरक्षित स्थितीत थांबवा आणि बघत असलेल्या वर्डवर पीएलसीचा प्रोग्राम त्या वेळी लिहीत नाही ना, ते पाहून घ्या. नाहीतर तुम्ही टाकलेली किंमत पुढच्याच स्कॅनला (प्रोग्रामच्या फेरीला) पुसली जाईल. वर्डमध्ये १६#०००१ (हेक्स किंमत) टाका. ट्रिगर बिट ० चा संदेश यायला हवा. मग १६#०१०० टाका. आता ट्रिगर बिट ८ चा संदेश येईल आणि त्याच वेळी डीबीएक्स ०.० एक झालेला दिसेल. वॉच टेबलचं स्वरूप बायनरी ठेवलंत तर डोळ्यांनाच कळतं: डावीकडचे आठ अंक बाइट ०, उजवीकडचे आठ बाइट १. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरच्या अलार्म तक्त्यात ट्रिगर बिटच्या शेजारीच ट्रिगर पत्त्याचा रकाना आहे. टॅग थेट पत्त्यावर बांधलेला असेल तर डीबीएक्स १.० तिथे लिहिलेलं असतं. उत्तर समोर छापलेलं असताना लोक अर्धा दिवस शोधत बसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दुरुस्तीच्या चार पद्धती मी पाहतो आणि त्या सारख्या दर्जाच्या नाहीत.

सर्वांत वाईट म्हणजे पॅनेलच्या यादीत मजकुरांची अदलाबदल करणं. संदेश बरोबर दिसू लागतात, पण आयडी, मजकूर आणि मशीनच्या मॅन्युअलमधली बिघाडांची यादी यांची फारकत होते. यादी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असेल तर एका भाषेत बदल करून दुसरी तशीच राहते, आणि मग भाषा बदलली की बिघाड बदलतो. यादीतच दुरुस्ती करायची असेल तर मजकूर हलवू नका, ट्रिगर बिटचा आकडा बदला. एवढं केलं तरी काम रास्त होतं.

दुसरी पद्धत: पीएलसीत सोळा बूलचा वर्ड तयार झाल्यावर स्वॅप ही सूचना लावून बाइट फिरवणं आणि तो फिरवलेला वर्ड पॅनेलला देणं. जुन्या एस७-३०० वर मी हे मान्य करतो, अट एकच: त्या नेटवर्कवर (प्रोग्रामच्या त्या तुकड्यावर) कारण लिहिलेलं असलं पाहिजे. कारण नसलेला स्वॅप पुढचा माणूस अनावश्यक समजून काढून टाकतो.

तिसरी, एटी (त्याच मेमरीला दुसरं रूप देणारी घोषणा) वापरून वर्डवर बूलचा ॲरे अंथरणं. ही दिसायला नेटकी असते आणि तिच्यात तोच सापळा असतो: ॲरेचा पहिला घटक पहिल्या बाइटमध्ये जातो, म्हणजे ट्रिगर बिट ८. एटी वापरलं म्हणजे प्रश्न सुटला, असं समजणारे मला वारंवार भेटतात.

एस७-१२०० आणि एस७-१५०० वर माझी पसंती ठाम आहे. अलार्मसाठी वर्डचा ॲरे ठेवा आणि प्रत्येक बिट वर्डच्या नावापुढे टिंब, टक्का, एक्स आणि क्रमांक देऊन लिहा. टक्का-एक्स-० हा नेहमी वर्डमधला सर्वांत कमी किमतीचा बिट असतो, म्हणजे थेट ट्रिगर बिट ०. बाइटचा हिशेबच उरत नाही, आणि लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) वाचणाऱ्याला पॅनेलवरचा आकडा तिथेच दिसतो. नवीन प्रोजेक्टमध्ये दुसरं काही करायचं कारण मला दिसत नाही.

हाच सापळा ॲकनॉलेजच्या टॅगमध्येही आहे आणि तिकडे कमी लोक बघतात. ऑपरेटरने अलार्म स्वीकारला की पॅनेल एका वर्डमध्ये बिट लावतं. त्याचा क्रमांकही वर्डच्याच हिशेबाने. शिवाय पॅनेल तो एकटा बिट पाठवत नाही, बिट बदललेला अख्खा वर्ड पीएलसीकडे लिहितं. त्याच वर्डमधले बाकीचे बिट पीएलसी बदलत असेल, तर मधल्या काळातला बदल पुसला जातो. मग कधी येणारा, कधी न येणारा असा बिघाड सुरू होतो आणि तो शोधणं फार जिकिरीचं असतं. म्हणून पॅनेलने लिहायचा वर्ड वेगळा ठेवा आणि पीएलसीने तो फक्त वाचावा. आणि अलार्म स्वीकारला म्हणजे बिघाड रीसेट झाला असं धरू नका. पीएलसीतला लॅच (धरून ठेवलेला बिघाडाचा बिट) सोडायला वेगळं बटण आणि वेगळी अट हवी.

संदेश आठ घरं सरकलेला नसेल, तर फरकाच्या आकड्याकडेच पाहा. एका घराचा फरक असेल तर कोणीतरी १ पासून मोजलं आहे. सोळाचा फरक असेल तर ॲरेचा एक वर्ड मागे-पुढे झाला आहे, किंवा मॉडबसवरून ३२ बिटांची किंमत घेताना दोन रजिस्टरांची अदलाबदल झाली आहे. आणि संदेश मुळीच येत नसेल, पण ऑनलाइन पाहताना बिट क्षणभर लागलेला दिसत असेल, तर बिट फार कमी वेळ टिकतोय. टॅग वाचण्याचा कालावधी मुळात १ सेकंद ठेवलेला असतो. एका स्कॅनपुरता लागलेला बिट त्यात निसटतो. कालावधी कमी करून पॅनेलवर भार टाकण्यापेक्षा पीएलसीतच बिट धरून ठेवा आणि रीसेट मिळेपर्यंत सोडू नका.