प्रकाश-शीड

प्रकाश-शीड : प्रकाशाच्या दाबावर यान ढकलण्यासाठी वापरायचा अतिशय पातळ, चकचकीत पडदा. नाव होडीवरून आले. मुंबईच्या कोळीवाड्यांतली शिडाची होडी वाऱ्याला तिरकी चालते ती खालच्या पाण्याच्या आधाराने. अवकाशात तो आधार नाही.

प्रकाशाला वस्तुमान नसले तरी संवेग, म्हणजे आदळून धक्का देण्याची क्षमता, असतो. आरशावरून परतणारा प्रकाश शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाच्या दुप्पट जोर लावतो. तरी हा जोर फार क्षीण : पृथ्वीपाशी एक हेक्टर आरशावर सूर्यप्रकाशाचा भार पडतो जेमतेम ९ ग्रॅम वजनाइतका. पण तो थांबत नाही आणि त्याला इंधन लागत नाही. भारतीय अवकाश कार्यक्रमात हा दाब आधी अडचण म्हणून पुढे आला. इन्सॅट-१ उपग्रहांचे सौरपंख एकाच बाजूला असल्याने, तोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूला दांड्यावर छोटे सौर शीड बसवले होते. १९८२ मध्ये इन्सॅट-१अ चे शीड उघडलेच नाही. शिडावर चालणारे पहिले आंतरग्रहीय यान जपानचे ‘इकारोस’ (२०१०). त्याचे १४ मीटर बाजूचे शीड केवळ साडेसात मायक्रोमीटर जाडीचे होते.

ताऱ्यांपर्यंत जायला सूर्यप्रकाश पुरत नाही, कारण सूर्यापासून दूर जाताना तो झपाट्याने विरळ होतो. म्हणून लेसरची कल्पना. २०१६ मध्ये अब्जाधीश युरी मिलनर आणि भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी जाहीर केलेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ योजनेत काही ग्रॅमचे यान, काही मीटरचे शीड आणि जमिनीवरून सुमारे १०० गिगावॉटचा लेसर होता. मुंबईची भर उन्हाळ्यातली वीजमागणी ४ गिगावॉटच्या आसपास असते, म्हणजे ही शक्ती तिच्या पंचवीसपट. एवढ्या प्रकाशाचा धक्का किती? सुमारे ६७० न्यूटन, एका माणसाच्या वजनाएवढा. मात्र तो दोन-चार ग्रॅमवर पडतो, म्हणून काही मिनिटांत प्रकाशाच्या एक पंचमांश वेग गाठता येईल. ‘नासा’च्या व्हॉयेजर-१ यानाच्या वेगाने ७० हजारांहून अधिक वर्षे लागतील असे मित्र या ताऱ्यापर्यंतचे अंतर मग वीसेक वर्षांत कापले जाईल.

खरी कसोटी शिडाची. पडलेल्या प्रकाशाचा एक लाखांश भाग जरी शोषला, तरी एक मेगावॉट उष्णता होते आणि तलम पडदा जळून जातो. त्या वेगाला धुळीचा कणही घातक. थांबण्याचीही सोय नाही. यान काही तासांत ताऱ्याजवळून निघून जाईल. सर्वांत अवघड भाग त्यापुढचा, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते : नखाएवढ्या यंत्राने चार प्रकाशवर्षांवरून छायाचित्र पाठवायचे. त्या दिशेचे एक पाऊल भारतातूनही पडले. जून २०१७ मध्ये श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी३८ ने साडेतीन सेंटिमीटर बाजूची, ४ ग्रॅमची ‘स्प्राइट’ यानेही वर नेली.

योजनेचे लक्ष्य नरतुरंग तारकासमूहातला मित्र (आल्फा सेंटॉरी), ४.३७ प्रकाशवर्षांवर. तो जोडतारा असल्याचे १६८९ मध्ये पुदुच्चेरीहून जाँ रिशो या धर्मगुरूने नोंदवले. मुंबईच्या १९ अंश अक्षांशावरून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम १० अंश चढतो. मेअखेरीस, पाऊस येण्याआधी, रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला मोकळा समुद्र असलेल्या जागेवरून धुरके नसेल तर तो साध्या डोळ्यांनी दिसतो.