अमेरिकेची तिजोरी आणि स्त्रियांचे आरोग्य : अर्धशतकाच्या निधीबंदीची पार्श्वभूमी

स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्यावरून अमेरिकेत चाललेल्या संघर्षाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन न्यायालयीन निकालांभोवती फिरते. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ हा त्यांतला एक, आणि ते संरक्षण काढून घेणारा २४ जून २०२२ चा ‘डॉब्स’ हा दुसरा. या दोहोंमधल्या जवळपास पन्नास वर्षांत गर्भपातावर थेट बंदी घालण्याची सोय नव्हती. त्यामुळे विरोधकांनी सरकारी खर्चाच्या विधेयकांचा मार्ग धरला. गर्भपाताचा खर्च सरकारने उचलावा का, एवढ्यापुरता सुरू झालेला हा वाद पुढे गर्भनिरोधके, लैंगिक संसर्गाच्या तपासण्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी यांसारख्या नित्याच्या सेवांपर्यंत कसा पोहोचला, हे समजल्याशिवाय आजचे कायदे नीट उलगडत नाहीत.

सुरुवातीला या विषयावर पक्षीय फूट जवळजवळ नव्हती, हे आज सांगितले तर खरे वाटणार नाही. केवळ ऐपत नाही म्हणून कोणत्याही स्त्रीला कुटुंबनियोजनाची मदत नाकारली जाऊ नये, असे रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९६९ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, कळवले. पुढच्याच वर्षी ‘टायटल टेन’ या नावाने ओळखला जाणारा अनुदान-कायदा सिनेटमध्ये एकमताने आणि प्रतिनिधिगृहात २९८ विरुद्ध ३२ मतांनी संमत झाला. त्याच्या पुरस्कर्त्यांमध्ये टेक्ससचे तरुण रिपब्लिकन सदस्य जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश होते, जे पुढे अध्यक्ष झाल्यावर याच विषयात उलट बाजूला उभे राहिले. जिथे गर्भपात हे कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून वापरले जाते अशा कार्यक्रमाला हा पैसा मिळणार नाही, असे कलम त्या कायद्यात पहिल्यापासूनच होते. म्हणजे गर्भपातासाठी सरकारी पैसा न देण्याची तरतूद ‘रो’च्या निकालाहून जुनी आहे.

गरिबांसाठी १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘मेडिकेड’ या आरोग्ययोजनेत मात्र तसे कलम नव्हते, आणि ‘रो’नंतर गरीब स्त्रियांच्या गर्भपाताचा खर्च त्या योजनेतून होऊ लागला. इलिनॉयचे रिपब्लिकन हेन्री हाइड १९७४ मध्ये पहिल्यांदा प्रतिनिधिगृहावर निवडून आले होते. त्यांनी १९७६ मध्ये श्रम व आरोग्य खात्याच्या विनियोजन विधेयकाला, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकाला, एक छोटीशी दुरुस्ती जोडली : या निधीतून गर्भपाताचा खर्च होणार नाही. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, पण कारण या दुरुस्तीचे नव्हते. एकंदर खर्च फार होतो, असे त्यांचे म्हणणे होते. काँग्रेसने तो नकार मोडून काढला आणि ३० सप्टेंबर १९७६ रोजी हाइड दुरुस्ती कायद्यात आली. आपला हेतू हाइड यांनी कधी झाकला नाही. श्रीमंत, मध्यमवर्गीय आणि गरीब अशा सगळ्याच स्त्रियांचे गर्भपात थांबवावेत अशी आपली इच्छा आहे, पण हाताशी असलेले साधन मेडिकेडचे विधेयक एवढेच आहे, असे ते सभागृहात म्हणाले होते. या वादात इतके सरळ बोलणारे लोक नंतर फारसे आढळत नाहीत.

ब्रुकलिनमधील संघीय न्यायाधीशांनी ही दुरुस्ती सुरुवातीला रोखून धरली. शेवटी ‘हॅरिस विरुद्ध मॅक्रे’ या खटल्यात ३० जून १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवली. स्त्रीची गरिबी सरकारने निर्माण केलेली नाही, म्हणून त्या गरिबीमुळे आलेला अडथळा दूर करण्याचे बंधनही सरकारवर नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. हक्क कागदावर सर्वांना सारखा आणि त्याचा वापर मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, ही व्यवस्था तिथून कायम झाली. हाइड दुरुस्ती हा स्वतंत्र स्थायी कायदा नाही. खर्चाच्या विधेयकासोबत ती दरवर्षी नव्याने संमत करावी लागते, आणि काँग्रेसमध्ये बहुमत कोणाचेही असले तरी ती आजवर संमत होत आली आहे. बदलले ते अपवाद. १९८१ पासून केवळ मातेचा जीव वाचवण्यापुरता अपवाद उरला होता. बलात्कार आणि कौटुंबिक लैंगिक अत्याचार यांचे अपवाद १९९३ मध्ये परत आले.

हीच पद्धत परदेशी मदतीलाही लावण्यात आली, आणि इथे या कथेचा मुंबईशी खरा संबंध येतो. आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना १९५२ साली मुंबईतील परिषदेत झाली. तिच्या यजमान संस्थेच्या, म्हणजे भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या, उभारणीत धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांचा मोठा वाटा होता. रेगन प्रशासनाने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीतील लोकसंख्या परिषदेत नवे धोरण जाहीर केले. एखादी परदेशी संस्था स्वतःच्या पैशाने का होईना, पण गर्भपाताची सेवा देत असेल किंवा त्याचा पुरस्कार करत असेल, तर तिला अमेरिकेची कुटुंबनियोजनाची मदत मिळणार नाही, असे ते धोरण होते. त्या वेळी महासंघाच्या अध्यक्षपदी आवाबाई होत्या. महासंघाने अट नाकारली आणि अमेरिकी निधी गमावला. तेव्हापासून डेमोक्रॅट अध्यक्षाने हे धोरण रद्द करायचे आणि रिपब्लिकन अध्यक्षाने ते परत आणायचे, असा क्रम १९९३, २००१, २००९, २०१७, २०२१ आणि २०२५ मध्ये पाळला गेला. २०१७ मध्ये तर त्याची कक्षा कुटुंबनियोजनापलीकडे जवळजवळ सर्व जागतिक आरोग्य-मदतीपर्यंत वाढवण्यात आली.

खुद्द अमेरिकेत १९८८ च्या नियमाने ‘टायटल टेन’चा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांतील डॉक्टरांना गर्भपाताविषयी सल्ला देण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तीही मान्य केली. क्लिंटन यांनी ती उठवली.

याच काळात पैशाचा दुसरा प्रवाह सुरू झाला, तो निवडणुकांचा. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने असलेल्या डेमोक्रॅट स्त्री-उमेदवारांसाठी १९८५ मध्ये ‘एमिलीज लिस्ट’ ही संस्था निघाली. सभासदांचे लहानमोठे धनादेश एकत्र करून ते प्रचाराच्या आरंभीच उमेदवाराकडे पोहोचवायचे, अशी तिची रीत होती. १९८६ मध्ये मेरीलँडमधून बार्बरा मिकुल्स्की सिनेटवर गेल्या, ते या संस्थेचे पहिले मोठे यश. पुढच्या दशकात गर्भपातविरोधी बाजूनेही ‘सुझन बी. अँथनी लिस्ट’ उभी केली. आमदार-खासदारांची मते मोजून त्यांना गुण देणाऱ्या आणि त्यानुसार पैसा वळवणाऱ्या अशा संस्थांमुळे दोन्ही पक्षांतील मधली माणसे संपत गेली, असे मला वाटते. १९७० ची ती २९८ मते आज मिळणार नाहीत, याचे एक कारण इथे आहे.

‘प्लॅन्ड पेरेंटहूड’ ही कुटुंबनियोजनाची आणि गर्भपाताचीही सेवा देणारी संस्था दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभी आहे. तिच्या दवाखान्यांना मेडिकेड आणि ‘टायटल टेन’मधून तपासण्या व गर्भनिरोधकांसाठी पैसा मिळत असे, तर तिची वेगळी नोंदणी असलेली राजकीय शाखा निवडणुकीत उतरते. पैसा कुठल्याही खिशात ठेवला तरी तो एकच, म्हणून तपासणीचा निधी हा अप्रत्यक्षपणे गर्भपाताचाच निधी, असा विरोधकांचा युक्तिवाद आहे. रिपब्लिकन सदस्य माइक पेन्स यांनी आणलेली या संस्थेच्या निधीबंदीची दुरुस्ती फेब्रुवारी २०११ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाली. एप्रिलमध्ये याच मुद्द्यावरून सरकारचे कामकाज बंद पडण्याची वेळ आली होती. त्याच वर्षी टेक्ससने आपला कुटुंबनियोजनाचा निधी सुमारे दोन तृतीयांशाने कापला. व्हर्जिनियात २०१२ मध्ये गर्भपातापूर्वी सोनोग्राफी सक्तीची करणारे विधेयक आले. गर्भ अगदी लहान असताना पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तो नीट दिसत नसल्याने व्यवहारात योनिमार्गातून तपासणीची सक्ती होणार होती. मोठा गदारोळ झाल्यावर गव्हर्नर बॉब मॅकडॉनल यांनी पोटावरच्या सोनोग्राफीपुरता बदल करून घेतला, आणि २०२० मध्ये ती सक्तीही रद्द झाली.

या निधीबंदीने सरकारचा पैसा वाचतो असेही नाही. काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने २०१५ मध्ये हिशेब मांडला होता, की ‘प्लॅन्ड पेरेंटहूड’चा निधी कायमचा थांबवल्यास दहा वर्षांत सरकारी खर्च सुमारे १३ कोटी डॉलरने वाढेल, कारण गर्भनिरोधके न मिळालेल्या काही स्त्रियांच्या बाळंतपणाचा भार मेडिकेडवरच येईल.

ट्रम्प प्रशासनाने २०१९ मध्ये ‘टायटल टेन’वर पुन्हा निर्बंध आणले, तेव्हा ‘प्लॅन्ड पेरेंटहूड’ त्या योजनेतून बाहेर पडली, २०२१ मध्ये ते निर्बंध उठले. मेडिकेडच्या लाभार्थीला आपला दवाखाना निवडण्याची मुभा कायद्यात आहे. पण एखाद्या राज्याने ती डावलल्यास रुग्णाला त्यासाठी दावा लावता येणार नाही, असा निकाल २६ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण कॅरोलायनाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. आठ दिवसांनी, ४ जुलैला, ट्रम्प यांची सही झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात हाइड यांना १९७६ मध्ये न साधलेली गोष्ट आली. गर्भपाताची सेवा देणाऱ्या आणि २०२३ च्या आर्थिक वर्षात मेडिकेडकडून आठ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळालेल्या ना-नफा संस्थांना कोणत्याही सेवेसाठी, अगदी कर्करोगाच्या चाचणीसाठीही, मेडिकेडचा पैसा बंद झाला. प्रतिनिधिगृहाने दहा वर्षांची मागितलेली ही बंदी सिनेटमध्ये एका वर्षावर आली, आणि सिनेटने हे विधेयक उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० असे संमत केले.