रेंज फुल्ल, तरी नेट का चालत नाही?

बेळगाव आणि आसपास शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. मच्छे इथं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ, टिळकवाडी ते उद्यमबाग कॉलेजंच कॉलेजं, आणि त्यांच्या आसऱ्यानं वाढलेली हॉस्टेलं. तक्रार मात्र सगळीकडे एकच: वायफायच्या कांड्या फुल्ल दिसतात, पण पान उघडत नाही. मग कुणीतरी नेटवर्क बघणाऱ्याला सांगतं, "सर, पॉवर वाढवा की." तो वाढवतो, आणि नेट आणखी रडतखडत चालायला लागतं.

याचं कारण वायफायच्या मुळाशी आहे. एका चॅनलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र हवेचा कानोसा घेतं आणि दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं. ग्रामसभेत एक जण बोलत असताना बाकीचे गप्प राहतात, तसंच. पण एका गावाचा कर्णा इतका मोठा केला की शेजारच्या गावची सभाही गप्प बसली, तर काम दोन्हीकडे खोळंबतं. छताला लावलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटची (वायफाय पसरवणाऱ्या डब्याची) पॉवर वाढवली की नेमकं हेच होतं. एकाच चॅनलवरचे दूरदूरचे पॉइंट एकमेकांना ऐकू लागतात आणि एकमेकांसाठी थांबू लागतात.

शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. पॉइंट 100 मिलिवॉटनं बोलतो, पण खिशातल्या फोनची ताकद बहुधा त्याच्या निम्मीही नसते. त्याचा आवाज फोनपर्यंत येतो म्हणून कांड्या फुल्ल. फोनचं उत्तर मात्र तिकडे धड पोचत नाही. मग तेच पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. त्यातही कोणता पॉइंट धरायचा आणि कधी सोडायचा, हे फोन ठरवतो. तळमजल्यावरचा पॉइंट मोठ्यानं बोलत असेल तर तिसऱ्या मजल्यावर गेलेला फोन त्यालाच चिकटून राहतो, आणि त्या फोनच्या कूर्मगतीच्या बोलण्यात बाकीच्यांचा वेळ जातो.

चॅनलचं गणित वेगळंच आहे. 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनल दिसतात, पण ते एकमेकांपासून फक्त 5-5 मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येक सिग्नल 20 मेगाहर्ट्‌झ रुंद असतो. एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. "1 आणि 6 वर गर्दी आहे, आपण 3 घेऊ" ही युक्ती सर्वांत घातक. एकाच चॅनलवरची यंत्रं निदान एकमेकांचं बोलणं ओळखून रांग लावतात. 3 वरचं बोलणं 1 वरच्याला उलगडतच नाही, नुसता गोंगाट होतो आणि माहितीची पाकिटं खराब होतात.

याहून न दिसणारी गळती वेगळीच आहे. प्रत्येक पॉइंट आपल्या प्रत्येक नेटवर्कचं नाव साधारण दर 102 मिलिसेकंदांनी पुकारतो. अशी एक पुकार 250 बाइटांची धरली, तर सेकंदाला 1 मेगाबिट या सर्वांत संथ वेगानं पाठवायला तिला 2 मिलिसेकंद लागतात. स्टाफ, स्टुडंट, गेस्ट, लॅब अशी चार नावं आणि एकाच चॅनलवर ऐकू येणारे तीन पॉइंट म्हणजे दर 102 पैकी 24 मिलिसेकंद. मुलांनी एकही पान उघडण्याआधीच हवेतला जवळपास पाव वेळ संपला! म्हणून नावं कमी करावीत आणि 1, 2 मेगाबिटसारखे जुने वेग बंद करून किमान वेग 12 मेगाबिट ठेवावा. फार जुनी उपकरणं तुटतील, तेवढं मात्र आधी तपासावं लागतं.

आपल्याकडच्या इमारतींचाही यात हात आहे. जुन्या इमारतींच्या जांभ्याच्या जाड भिंती सिग्नल चांगलाच अडवतात, आणि भिंतीत पाणी मुरलं की आणखी. ही अडचण मी गुण मानतो: भिंत दोन खोल्यांतले पॉइंट वेगळे ठेवते, म्हणून तोच चॅनल पुन्हा वापरता येतो. पण वायर ओढायला सोपं म्हणून पॉइंट व्हरांड्यात एका रांगेत लावतात. तिथं ते एकमेकांना लख्ख ऐकतात आणि खोलीतल्या मुलापर्यंत भिंत आणि लोखंडी कपाट ओलांडून जातात. एका हॉस्टेलच्या व्हरांड्यात मी फोनवरच्या अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये बघितलं, तर नेटवर्क दाखवणारे सगळे डोंगर चॅनल 6 वर एकावर एक चढलेले होते आणि 11 जवळजवळ मोकळा. पॉइंट खोल्यांच्या आत हलवणं हाच तिथला खरा उपाय आहे.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं 5 गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा परवानामुक्त केला. तिथं 20 मेगाहर्ट्‌झचे दोन डझनांच्या आसपास चॅनल मिळतात, म्हणून गर्दीचा भार तिकडेच न्यावा. घरी 80 मेगाहर्ट्‌झची रुंदी छान वाटते. पण तेवढ्यात चार चॅनल खर्ची पडतात, म्हणून हॉस्टेलात 20 च बरी. पॉवर 5 गिगाहर्ट्‌झवर 25 ते 50 मिलिवॉट आणि 2.4 वर 10 च्या आसपास ठेवून सुरुवात करावी, म्हणजे फोन आपोआप 5 कडे झुकतात. दाटीवाटीनं लावलेल्या पॉइंटांपैकी काहींवर 2.4 बंदच करावा. पॉवर आपोआप ठरवणाऱ्या 'ऑटो' सेटिंगवर पूर्ण भरवसा टाकू नये. कमाल आणि किमान पॉवरची मर्यादा आपण घालून द्यावी.

आणि मोजणी मे महिन्यात रिकाम्या इमारतीत करू नये. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, तेही सिग्नल शोषतं. मुलं आलेली, खोल्या भरलेल्या, भिंती ओल्या, अशा ऑगस्टमधल्या रात्री साडेनवाला जे आकडे येतील, त्यांवरच पॉवर ठरवावी.