आयसरला बायोलॉजी करायचीय? मग दाखल्यांचं आधी बघा

बारावीला पीसीबी घेतलं की घरचे नीटच्या क्लासची फी भरून मोकळे होतात, पण ज्याला डॉक्टर व्हायचंच नाहीये, रिसर्च करायचाय, त्याने आयसरचा, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांचा, बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) नक्की बघावा. पाच वर्षांचा कोर्स, सुरवातीला सगळे सायन्सचे विषय, मग बायोलॉजीकडे वळायचं, आणि शेवटचं वर्ष लॅबमध्ये थीसिस. आयसर एकूण 7 आहेत, पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हमपूर, आपलं पुण्याचं पाषाणला, 2006 पासून.

प्रवेश आयएटी (आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) या आयसरच्याच परीक्षेवर. नीट किंवा सीईटीचे मार्क इथे चालत नाहीत. बारावीला ओपन, ओबीसी, ईडब्ल्यूएस सगळ्यांना 60 टक्के लागतात, एससी, एसटी, दिव्यांगांना 55. पेपर कॉम्प्युटरवर, 3 तास, 60 प्रश्न, म्हणजे बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स प्रत्येकी 15. बरोबरला 4, चुकीला उणे 1. अकरावीलाच मॅथ्स सोडलेली पोरं इथे घाबरतात, पण फॉर्म त्यांनाही भरता येतो, चारपैकी तीन विषय शिकलेले असले की झालं. मॅथ्स पूर्ण कोरं ठेवलं तरी 240 पैकी 180 मार्कांचा पेपर हातात उरतो, तरी माझं मत विचाराल तर दहावीच्या पुढचं थोडं मॅथ्स करूनच जा, पुढे बायोलॉजीतही स्टॅटिस्टिक्स काही चुकत नाही.

फॉर्म ऑनलाइन, फोटो, सही, मार्कशीट, त्यात काही अवघड नाही. खरी गंमत जातीच्या दाखल्याची. आपल्याकडे जातीचा दाखला वेगळा आणि नॉन क्रिमीलेअर वेगळं, आणि ते राज्याचं एनसीएल तीन वर्षांचंही मिळतं, म्हणून लोक निवांत असतात. आयसर केंद्राचं, तिथे केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी एनसीएल लागतं, तेही चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं. ईडब्ल्यूएसचंही तसंच. आणि आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेही आधी बघा, राज्याच्या यादीत असली म्हणजे तिथे असतेच असं नाही. एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचं, तर फक्त राज्यापुरतं, केंद्रात त्याचा उपयोग नाही. दाखले काढायला सेतू केंद्रात गेल्यावर नुसतं "नॉन क्रिमीलेअर पाहिजे" म्हणालात तर राज्याचंच हातात ठेवतील, त्यामुळे "सेंट्रलचं" असं स्पष्ट सांगा आणि माहितीपत्रकातल्या नमुन्याची प्रिंट सोबत न्या. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे उत्पन्नाचे दाखले, आधार, रेशनकार्ड आधीच काढून ठेवलं तर हेलपाटे वाचतात, जूनमध्ये तिथे किती गर्दी असते ते सगळ्यांना माहितीये.

रँक लागली की कॉलेजांची पसंती, सीट मिळाली की दिलेल्या मुदतीत फी भरायची, मुदत हुकली तर सीट गेली. नंतर पीएचडीला सीएसआयआर नेट-जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची संशोधन फेलोशिप) काढता येते, पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000.

आणि प्रवेशाच्या वेळी ओरिजिनल एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला) जमा करायच्या आधी तिच्या चार-पाच झेरॉक्स आणि एक नीट स्कॅन काढून ठेवा, पुढे कुठलाही दाखला काढायचा म्हटलं की पहिली तीच मागतात.