लठ्ठ गाय आणि गर्भाचे पहिले दिवस

गाय चांगली भरलेली दिसतेय, माजही वेळेवर दाखवते, तरी दोनदा रेतन करून दोन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली, की पहिला संशय सिमेनवर जातो नाहीतर डॉक्टरवर. अंगावरच्या चरबीकडे कोणी बघतच नाही, कारण गुटगुटीत जनावर म्हणजे तब्येतीचं जनावर असं डोक्यात पक्कं बसलंय.

ज्या बीजांडापासून वासरू होणार ते काही माजाच्या दिवशी तयार होत नाही, अंडाशयात त्याची वाढ साधारण ३ महिने आधीच सुरू झालेली असते. बीजांड अंडाशयातल्या ज्या द्रवाने भरलेल्या पिशवीत, म्हणजे फॉलिकलमध्ये, वाढतं तिथल्या द्रवात गायीच्या रक्तातलं बरंच काही झिरपतं, म्हणजे रक्तात फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीतून सुटणारे घटक, वाढली की बीजांडही त्यातच पिकणार. लॅबमध्ये हे करून बघितलंय, जास्त फॅटी ॲसिडमध्ये पिकवलेल्या बीजांडांपासून ७-८ दिवसांच्या टप्प्याला पोचणारे गर्भ कमी निघाले आणि जे पोचले त्यांच्यात पेशीही कमी होत्या. गायीच्या गर्भाची स्वतःची जनुकं नीट चालू होतात ती ८ ते १६ पेशी झाल्यावर, तोपर्यंत सगळी भिस्त बीजांडातल्या साठ्यावर आणि आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियांवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांवर, त्यामुळे तिथेच बिघाड असेल तर पुढे गर्भ रखडतो.

आणि खरी कसोटी तर पुढेच आहे. सातव्या दिवशी हा गर्भ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि सोळाव्या दिवसापर्यंत तो दोऱ्यासारखा कित्येक सेंटीमीटर लांब व्हायला लागतो, कारण त्याला इंटरफेरॉन टाऊ नावाचा संदेश पुरेसा सोडून मी इथे आहे हे गर्भाशयाला कळवायचं असतं. संदेश कमी पडला की गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देणारी अंडाशयातली पिवळी ग्रंथी विरते आणि गाय २१ दिवसांनी परत माजावर. आपण म्हणतो गाय राहिलीच नाही, पण बऱ्याचदा गर्भ तयार होऊन मेलेला असतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, नुकसान झालेलं दिसतसुद्धा नाही.

मेंढ्यांवरचा ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग तर फार बोलका आहे. लठ्ठ मेंढ्यांचे साधारण आठवडाभराचे गर्भ काढून सामान्य वजनाच्या मेंढ्यांमध्ये ठेवले, बाकीचा सगळा गाभणकाळ तिथेच गेला, तरी जन्मलेल्या मादी कोकरांच्या अंगात ४ महिन्यांच्या वयाला चरबी जास्त होती. फक्त सुरुवातीचे दिवस लठ्ठ आईच्या पोटात, आणि त्याची खूण एवढी टिकली!

मग उपाशी ठेवून बारीक करायचं का? तर तसंही नाही. त्याच प्रयोगात काही मेंढ्यांचं वजन गर्भधारणेच्या आधी उतरवलं, कोकरांची जादा चरबी टळली पण त्यांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा बदलली. दुभत्या गायीत तर अजून अवघड, भाकड काळात फार जाड झालेली गाय व्यायल्यावर कमी खाते, अंगावरची चरबी झपाट्याने विरघळते, रक्तात फॅटी ॲसिडचा लोंढा येतो आणि पुढच्या रेतनाची बीजांडं नेमकी त्याच काळात वाढत असतात. उलट हडकुळ्या कालवडीला वाढीव खुराक दिला तर बीजांडांना फायदाच होतो, तोच खुराक आधीच भरलेल्या कालवडीला मात्र बाधतो.

त्यामुळे बरगड्यांवर आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवून १ (हडकुळी) ते ५ (फार लठ्ठ) असा अंगावरच्या चरबीचा बॉडी स्कोर बघायची सवय लावा, विताना तो ३ ते ३.५ च्या आसपास असावा, आणि खुराक कमीजास्त करायचा तो दूध आटवायच्या आधी, शेवटच्या महिन्यांतल्या दुधावर असतानाच.