सायकसच्या पोटातलं तळं

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा सायकस फुलला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फोटो फिरला: 'शंभर वर्षांतून एकदाच उमलणारं दैवी फूल, दर्शन घ्या.' संध्याकाळपर्यंत कुंडीत हळदकुंकू पडलं होतं. झाडाला नमस्कार करायला माझी मुळीच हरकत नाही. पण ते फूल नाही, आणि त्यासाठी शंभर वर्षं थांबावंही लागत नाही. वयात आलेलं मादी झाड एक-दोन वर्षांआड हे करतं. हात जोडून पुढे निघून गेलं, की त्या झाडात चाललेलं खरं नवल बघायचं राहून जातं. मला वाईट वाटतं ते याचं.

शोभेसाठी लावतात तो सायकस रेव्होल्यूटा मूळचा दक्षिण जपानचा. नर्सरीत त्याला सागो पाम म्हणतात, पण नारळ-पोफळीशी त्याचं काही नातं नाही आणि आपला उपासाचा साबुदाणाही त्याचा नव्हे, तो टॅपिओकाच्या कंदाचा. सायकस अनावृतबीजी आहे, म्हणजे देवदार-पाइनसारखा. बी फळात झाकलेलं नसतं. झाडं नर आणि मादी अशी वेगवेगळी. नराला अननस ताणून लांब केल्यासारखा शंकू येतो. मादीच्या शेंड्यावर येतो तो बदललेल्या पानांचा झुपका. एक पान हळूच वाकवून पाहा: पिवळट-तपकिरी मखमली लव, टोकाला फणीसारखे दाते आणि देठाच्या दोन्ही कडांना गोट्यांसारखी बीजांडं, म्हणजे ज्यांची पुढे बी होते ती.

आता खरी गोष्ट या बीजांडाच्या आतली.

शेवाळं आणि नेचे यांच्या नरपेशी पाण्यात पोहून अंडपेशीकडे जातात, म्हणून त्यांना ओल लागतेच. जास्वंद-आंब्यासारख्या सपुष्प झाडांनी पाण्याचा नाद सोडला. त्यांची परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणारी नळी, नरपेशीला थेट अंडपेशीच्या दारात नेऊन सोडते. सायकस या दोघांच्या मधोमध उभा आहे. त्याचे पराग वाऱ्यावर किंवा भुंगेऱ्यांच्या अंगावर बसून कोरडेच येतात. बीजांडाच्या टोकाला सुईने टोचल्याएवढं छिद्र असतं, त्यावर एक चिकट थेंब जमतो. परागकण त्यात अडकतो आणि थेंब आटत जातो तसा आत ओढला जातो. मग परागनलिका फुटते, पण ती नरपेशीला वाहून नेत नाही! ती बीजांडाच्या ऊतीत मुळासारखी घुसते आणि अन्न शोषत राहते. असं काही महिने चालतं. मग नलिकेचं परागकणाकडचं टोक फुगतं आणि अंडपेशींच्या वरच्या पोकळीत लोंबू लागतं. त्यात दोन शुक्राणू, म्हणजे पोहणाऱ्या नरपेशी, तयार होतात. ते टोक फुटलं की द्रव सांडतो, पोकळीत टिचभर तळं साचतं आणि शुक्राणू त्यात पोहत अंडपेशी गाठतो. नेच्याला पावसाच्या पाण्याची वाट पाहावी लागते, सायकस आपलं पाणी बीजांडाच्या पोटातच तयार करतो.

हा शुक्राणू दिसतो भोवऱ्यासारखा. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा त्याच्या निमुळत्या अर्ध्या भागावर एक सर्पिल पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर हजारो कशाभिका, म्हणजे वल्ह्यांसारखे हलणारे सूक्ष्म केस. माणसाच्या शुक्राणूला शेपटी एकच. सायकसच्या भाऊबंदांपैकी झॅमियाचा शुक्राणू तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतो, म्हणजे तीक्ष्ण नजरेला ठिपक्यासारखा नुसता दिसावा एवढा.

हे पहिल्यांदा पाहिलं टोकियोच्या विद्यापीठातल्या दोघांनी. 1896 साली साकुगोरो हिरासे यांना गिंको या अनावृतबीजी झाडात पोहणारे शुक्राणू दिसले आणि त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्ये. बी धरणाऱ्या झाडात असं काही असेल हे त्याआधी कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. 1912 मध्ये दोघांनाही जपानच्या शाही अकादमीचं पारितोषिक मिळालं.

'डायनासोरच्या काळातलं झाड' ही पाटीही नर्सरीत दिसते. वंश खरंच जुना आहे, 25 कोटी वर्षांहून जुना. पण 2011 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बहुतेक जाती गेल्या सुमारे 1.2 कोटी वर्षांत निपजल्या, आणि डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी. घराणं जुनं, माणसं नवी.

लावायचा असेल तर निचऱ्याची माती घ्या. पाणी साचलं की बुंधा कुजतो. कुंडी बदलताना मातीलगत पोवळ्यासारखी फांद्या फुटलेली मुळं दिसतील. रोग समजून ती छाटणारे माळी मी पाहिलेत. त्या मुळांत नॉस्टॉक नावाचे निळे-हिरवे जीवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, तेव्हा त्यांना हात लावू नका. बिया विषारी असतात, कुत्र्यांपासून खास जपा. केरळात पश्चिम घाटातल्या सायकस सर्सिनॅलिसच्या बियांचं पीठ खातात, पण वाळवून, भिजवून, पुन्हा पुन्हा पाणी बदलून विष काढल्यावरच.

रोप बहुतेक वेळा बुंध्याशी फुटलेलं पिल्लू काढून करतात. मादीचं पिल्लू मादी, नराचं नर. दक्षिण आफ्रिकेतल्या ओन्गोये जंगलात 1895 साली जॉन मेडली वुड यांना सायकसच्याच भाऊबंदांपैकी एन्सेफलार्टोस वुडीचं एकच झाड सापडलं, नर. मादी आजवर कुणालाही मिळालेली नाही. जगभरच्या उद्यानांत वाढणारी त्याची सगळी झाडं ही त्याच एका नराची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं.

आमच्या गल्लीतले पाचही सायकस एकाच मादीची पिल्लं आहेत. डिसेंबरात फाटकाजवळच्या झाडाच्या बिया शेंदरी झाल्या, अगदी पिकल्यासारख्या, कारण पराग न मिळताही बीजांडं फुगतात. एक बी फोडली. आत पांढरा घट्ट गर होता, गर्भाचा मागमूस नव्हता. टोकाशी भिंगातून बशीसारखा एक लहानसा खळगा दिसला. तेच ते तळं. कोरडं होतं.